एका लॅपटॉपच्या दोन कोरी

आमच्या घरात दिवस उजाडायचा तो अव्वाच्या भाकरी बडवण्याच्या आवाजानं. अव्वा म्हणजे माझी आई. आम्ही मूळचे नेसरीचे लिंगायत, कर्नाटकाच्या कडेचे. कोल्हापुरात गंगावेशीतल्या दोन खोल्यांत राहायला येऊन किती वर्षं झाली तरी आई ती अव्वा, वडील ते अप्पा आणि थोरली बहीण ती अक्काच राहिली. अव्वा जवळच्या एका खानावळीला जोंधळ्याच्या भाकरी करून द्यायची. मागच्या खोलीत चूल, चुलीपुढं काटवट, काटवटीपुढं अव्वा, आणि तिच्या डाव्या हाताला अप्पांच्या जुन्या धोतराच्या फडक्यात वाढत जाणारी भाकरींची चवड. अंथरुणात डोळे मिटून पडलं तरी आवाजावरून कळायचं भाकरी कुठवर आली ते. आधी ओला, जड आवाज. मग ती पातळ होत जाईल तसा तो कोरडा होत जायचा, आणि शेवटी तव्यावर टाकल्यावर एक लहानसा सुस्कारा. मी आता जिथं राहते तिथं सकाळी लिफ्टचा आवाज येतो आणि समोरच्यांच्या मिक्सरचा. त्यांना मी नावं ठेवत नाही, पण त्या आवाजांनी भूक काही लागत नाही.

भाकरी आमच्याकडं कुणाच्या ताटात अख्खी पडत नसे. अव्वा ती तव्यावरून काढायची, हाताला चटके बसत असतानाच तिचे चार भाग करायची आणि कोर-कोर वाढत जायची. चौथा भाग म्हणजे चतकोर, आणि चतकोराचे दोन केले की नितकोर. घरातली सगळी मोजमापं आणि सगळी माया ह्या कोरींत चालायची. अव्वा चिडलेली असली की कोर लांबूनच ताटात यायची. परीक्षा असली की पापुद्र्याखाली लोणी दडवून यायची. सोबत खर्डा, शेंगांची चटणी, गंगावेशीत समोर पिळून मिळणाऱ्या म्हशीच्या दुधाचं दही. एकट्यानं अख्खी भाकरी ओढून घेणं हा आमच्या घरात उद्धटपणा समजला जाई. रविवारी शेजारच्या पाटलांच्या तांबड्या रश्श्याचा वास भिंतीवरून उतरून आमच्याकडं यायचा. अप्पा गळ्यातल्या लिंगाला हात लावून "खिडकी लाव" म्हणायचे आणि अक्का "लावतो की" म्हणून ती सताड उघडून ठेवायची. आपण फक्त वास घेतोय, त्यानं कुणाचा धर्म बुडत नाही, असं तिचं म्हणणं होतं.

अक्का माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी आणि तिचा हात चित्राचा. बी.कॉम. झाली होती, पण वहीच्या मागच्या पानांवर आकड्यांपेक्षा बेलपानं आणि भुंगेच जास्त. गुजरीतल्या एका सोनारकाकांना तिनं कोल्हापुरी साजाच्या पानांची चित्रं दाखवली होती. त्यांना ती आवडली, पण ते म्हणाले, "पोरी, हात झकास हाय तुझा. पर आता समदी कंप्युटरवर डिझाइन मागत्यात. कागद कोण बघत न्हाय." मग तिनं राजारामपुरीत एक क्लास लावला. तिथं मशिन मिळायचं ते तासावर. बेलपानाची एक कड नीट वळेपर्यंत पुढचा विद्यार्थी येऊन खुर्चीमागं उभा राहायचा आणि अर्धं पान तसंच सोडून ही घरी यायची. जेवताना ताटातल्या आमटीत बोटानं ती मला उरलेलं अर्धं पान काढून दाखवायची.

त्याच उन्हाळ्यात मला पुण्याला इंजिनीअरिंगला प्रवेश मिळाला. पुण्यात लॅपटॉपशिवाय चालत नाही, असं जो तो सांगत होता. अव्वाच्या भाकरी आणि अप्पांचा बोनस मिळून घरात एकच लॅपटॉप येणार होता, तोही स्वस्तातला. तो माझा, यात कुणालाच शंका नव्हती. मला तर नव्हतीच. अक्काही आपल्या क्लासला जात राहिली. तिच्यासाठी स्थळं बघणं चालू होतं. लॅपटॉप माझ्याबरोबर पुण्याला गेला की ती त्या तासाच्या मशिनवर अर्धी पानं काढत राहणार, आणि एखाद्या स्थळाचा होकार आला की तेही बंद होणार, हे उघड होतं. पण उघड असलेल्या गोष्टी आमच्याकडं कुणी बोलत नसे.

वाद होता तो प्रोसेसरचा. आमच्या ऐपतीत दोनच लॅपटॉप बसत होते. एकावर निळा स्टिकर होता आणि दुसऱ्यावर हिरवा, आणि आत कुठला प्रोसेसर आहे ते त्या स्टिकरवर कळायचं. निळ्याचं नाव सगळ्यांना ठाऊक, जाहिरात टीव्हीवर. तो थंड राहायचा आणि त्याची बॅटरी जास्त वेळ चालायची. हिरव्याचं नाव आमच्या पेठेत कुणी ऐकलेलं नव्हतं. तो तापायचा, बॅटरी लवकर संपायची, वजनालाही जड. पण चित्रं मात्र त्याच्यावर जिवंत दिसायची. मी दोन्हींची पत्रकं उशाखाली घेऊन झोपत होते आणि माझं ठरलं होतं. वसतिगृहात वीज जाते, बॅटरी महत्त्वाची, तर निळा. अप्पा गुळाच्या अडत दुकानात कामाला. त्यांनी मार्केट यार्डातल्या ओळखीच्या प्रत्येकाला विचारून टाकलं, हमालांपासून व्यापाऱ्यांपर्यंत, आणि सगळ्यांचं मत निळ्याच्याच बाजूनं पडलं. मी आजही सांगते, त्या दोन्हींत निळाच शहाणपणाचा होता.

दुकानात आम्ही चौघंही गेलो. लॅपटॉप घ्यायला जाणं हे त्या वेळी मुलगी बघायला जाण्याइतकंच गंभीर काम होतं. अव्वानं त्यासाठी ठेवणीतलं इरकल नेसलं होतं.

"या पावणं, बसा. काय दाखवू?" दुकानदारानं अप्पांना विचारलं.

"हिला पुण्याला न्यायला लॅपटॉप पायजे. टिकाऊ दावा."

त्यानं दोन्ही शेजारी शेजारी मांडले. अप्पांना उभा जन्म ढेप वाजवून गूळ पारखायची सवय. त्यांनी पुढं होऊन दोन्ही लॅपटॉपांच्या पाठीवर बोटाच्या पेरानं टकटक केलं आणि कान लावला.

"पावणं, ती ढेप न्हवं," दुकानदार म्हणाला.

"बघितलो नुसतं. आवाज दोन्हीचा सारखाच हाय."

मी निळ्यापुढं जाऊन उभी राहिले. दुकानदारानं दोन्ही पडद्यांवर एकच चित्र लावलं, कसलंसं गुलाबी फूल. तोवर अक्का मागं, चार्जरच्या वायरी टांगल्या होत्या तिथं, उगाच त्या वायरी बघत होती. फूल लागलं तशी ती पुढं आली. हिरव्याच्या पडद्याजवळ बोट नेऊन, काचेला न लावता, ती एका पाकळीच्या कडेकडेनं बोट फिरवत राहिली. आमटीत फिरवायची तसंच.

"ह्यात डिझाइन फिरवून बघता येतंय?" तिनं हळूच विचारलं.

"येतंय की. ह्यात दोन कोर हायत, त्यात एकच हाय. एका टायमाला दोन कामं करतंय हे."

अव्वा स्टुलावर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती आणि इतका वेळ छताचा पंखा बघत होती. तिनं मान खाली केली.

"काय हायत म्हणालासा?"

"कोर, काकी. कोर म्हंजे आतला काम करणारा भाग."

"ह्यात दोन?"

"दोन."

"मग हेच बांधा. दोन पोरी हायत माझ्या."

"अव्वा, तसं नसतंय ते," मी घाईघाईनं म्हणाले. "ह्याची बॅटरी लगेच संपतीया. आणि गरम हुतंय."

"गरमच बरं. गार झालेलं कोण खातंय?"

दुकानातली सगळी माणसं हसली. दुकानदार तर पोट धरून हसला, आणि हसत हसत त्यानं हिरवा खोक्यात घातलासुद्धा. अव्वाची भाबडी चूक म्हणून अप्पाही हसत होते. मी मात्र रडकुंडीला आले होते, कारण निळा परत फडताळात चालला होता आणि ह्या घरात एकदा अव्वानं "बांधा" म्हटलं की सुटत नसे.

घरी आल्यावर अप्पांनी लॅपटॉप पाटावर ठेवून त्याला विभूतीची बोटं ओढली. शेजारचे पाटील येऊन बघून गेले आणि "झ्याक हाय" म्हणाले. मी तोंड फुगवून बसले होते. मग संध्याकाळी सगळे जेवायला बसलो. अव्वानं भाकरी मोडली, एक कोर अक्काच्या ताटात टाकली, एक माझ्या, आणि म्हणाली, "सुमे, तू सोमवारी जाणार. लॅपटॉप आठ दिस तुझ्याकडं, आठ दिस हितं अक्काकडं."

"असं कसं?" मी ओरडले. "मी तिथं आणि तो इथं?"

"दोन कोर हायत्या त्यात. एकटीनं दोन्ही खाल्ल्यावर दुसरीनं काय खायाचं?"

अप्पा समजुतीच्या सुरात म्हणाले, "अगं, ती कोर भाकरीची न्हवं. ती कंप्युटरची—"

"म्हाईत हाय मला," अव्वा म्हणाली. "मी काय यडी हाय? दुकानात समद्यांच्या म्होरं म्हणालो, दोन पोरी हायत माझ्या. तवा कोण न्हाय म्हटला न्हाय, नुसतं हसलासा. आता म्हणू नका."

अप्पांचा हात ताटातच राहिला.  मग अक्का म्हणाली, "अव्वा, ऱ्हाऊ दे. मला क्लासात मिळतंय की मशिन."

"तुला मी इच्यारलो न्हाय. जेव."

अक्कानं मान खाली घातली आणि खर्डा झोंबल्यासारखं नाक पुसलं. खर्डा त्या दिवशी केलाच नव्हता.

आमच्या गल्लीतले मारुतीमामा कोल्हापूर-पुणे गाडीवर ड्रायव्हर होते. पुण्याला शिकणाऱ्या निम्म्या पेठेच्या पोरांचे डबे त्यांच्या केबिनमधून जायचे. "गाडीवर टाकला" म्हटलं की घरचे निश्चिंत. आमचा लॅपटॉपही गाडीवर पडू लागला. अव्वा तो भाकरीच्या फडक्यात गुंडाळायची, पिशवीत उभा ठेवायची आणि त्याला टेकून दुसऱ्या फडक्यात भाकरी आणि चटणीचा डबा. मारुतीमामा म्हणायचे, "वैनी, भाकरी जपून न्हेतो. त्या पाटीचं काय खरं न्हाय." शनिवारी मी स्वारगेटला उभी असायची. एका शनिवारी पिशवी घ्यायला, पुढच्या शनिवारी रिकाम्या डब्यासकट परत द्यायला.

ज्या आठवड्यात लॅपटॉप नसे तेव्हा मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत रांग लावायची नाहीतर खोलीतल्या मुलींच्या मिनतवाऱ्या करायची, आणि मनातल्या मनात अव्वाशी भांडायची. पुण्यात तसंही मला सारखं अंग चोरून राहावं लागे. आम्ही कोल्हापूरच्या बायका "मी येतो, मी जातो" म्हणणाऱ्या. मी "जेवून येतो" म्हटलं की खोलीतल्या मुली दाराबाहेर कुठला मुलगा उभा आहे ते बघायच्या. महिन्याभरात मी "येते, जाते" शिकले. पण लॅपटॉप यायचा त्या शनिवारी फडकं सोडून झाकण उघडलं की धुराचा आणि भाजल्या जोंधळ्याचा वास यायचा, आणि मी जागच्या जागी परत "येतो" व्हायची. कळांच्या फटींत पीठ असायचं. अक्का मागच्या खोलीत अव्वाजवळ बसून काम करायची, त्याचं ते पीठ. मी ते कधी पुसलं नाही. हिरवा तापायचा तर फारच. बॅटरी ऐन वेळी मान टाकायची आणि मी निळ्याच्या नावानं सुस्कारे सोडायची. पण थंडीत पांघरुणावरून पायांवर ठेवला की त्याची ऊब चुलीजवळ बसल्यासारखी अंगात शिरायची, हेही सांगायला हवं.

पडद्यावर अक्कानं दोन फोल्डर करून ठेवले होते. माझ्या फोल्डरला तिनं नाव दिलं होतं "चतकोर" आणि स्वतःच्या फोल्डरला "नितकोर". थोरलीनं लहान तुकडा घ्यायचा, ही अव्वाची शिकवण तिच्या हाडांत मुरलेली. प्रत्येक वेळी लॅपटॉप आला की माझ्या अभ्यासाआधी मी नितकोर उघडायची. पहिल्यांदा आलं ते वाकडंतिकडं बेलपान, पण अख्खं. मग चंद्र, मग मासा, मग भुंगा. भुंग्याचे डोळे बारीक आणि नाक फुगलेलं होतं. मी वसतिगृहाच्या फोनवरून तिला विचारलं, हा असा का. ती म्हणाली, "तू लॅपटॉप परत धाडताना कशी दिसत असशील, तशी काढलो." पुढं गुजरीतल्या काकांनी तिचं बेलपान घेतलं, मग मासा घेतला, आणि मग ते स्वतःच तिला कामं सांगू लागले. पहिलं घडलेलं बेलपान दुकानात काचेमागं लागलं तेव्हा अव्वा इरकल नेसून ते बघून आली. काय म्हणाली, असं मी अक्काला विचारलं. "काय न्हाय," अक्का म्हणाली, "काचेवर पेरानं वाजवून बघितली."

माझं शिक्षण संपत आलं तेव्हा अक्काचं हुबळीला जमलं. बोलणी आमच्याच बाहेरच्या खोलीत झाली. देण्याघेण्याचा विषय निघाल्यावर मुलाचे काका म्हणाले, तुमचं काही म्हणणं असेल तर सांगा. अप्पा घसा खाकरत होते तेवढ्यात अव्वा आतून पदराला हात पुसत उंबऱ्यात आली. "आमच्या पोरीला तिच्या कामाचं मशिन पायजे. तिचं एकटीचं. वाटणीचं न्हवं. बाकी तुमचं तुम्ही बघा." हुबळीची माणसं आधी एकमेकांकडं बघत राहिली आणि मग व्हय म्हणाली. अक्षता पडल्या, अक्का गेली. जाताना तिनं माझ्या हातात फडक्यात गुंडाळलेला हिरवा दिला. तो तिचा आठवडा होता.

त्यानंतर शनिवारी मारुतीमामांच्या गाडीवर नुसत्या भाकरी येऊ लागल्या. पिशवी हातात घेतली की फार हलकी लागायची. "आता अख्खा तुझा," अव्वा फोनवर म्हणाली. त्या दुकानातल्या दिवसापासून मला हेच तर हवं होतं. आणि तरी मी प्रत्येक शनिवारी नितकोर उघडून बघायची. शेवटचं चित्र एका कमळाचं होतं, अर्धंच वळवलेलं. ते पुढं कधी पूर्ण झालं नाही, कारण तिच्याकडं आता तिचं मशिन होतं आणि त्यावर तिची दुसरी कमळं. ती सुखात होती, आजही आहे. तिनं काढलेली पानं कुठल्या कुठल्या बायकांच्या गळ्यांत आहेत. मला तिचा हेवा नव्हता. मला माझी अर्धी वाटणी परत हवी होती, एवढंच. पिठाच्या कळा, शनिवारची ती वाट, हक्कानं भांडायला समोर असलेलं माणूस. अख्खी भाकरी एकट्यानं खाताना घास गळ्याशी अडकतो, हे अव्वानं कधी सांगितलं नव्हतं. तिनं फक्त तशी वेळ आमच्यावर कधी येऊ दिली नव्हती.

अव्वा जाऊन आता बरीच वर्षं झाली. अप्पाही नाहीत. गंगावेशीतल्या खोल्यांत दुसरे लोक राहतात आणि भाकरी मी कोपऱ्यावरच्या पोळीभाजीवाल्या बाईंकडून आणते. चांगल्या असतात, पण गार. हिरवा कपाटात फडक्यात गुंडाळून ठेवलाय. तो चालू होत नाही. मी दिवाळीला साफसफाई करताना एकदा झाकण उघडते आणि परत लावते.

परवा नवा लॅपटॉप घेतला. दुकानातल्या माणसानं बरंच काही सांगितलं. त्यातला एकच शब्द माझ्या कानात राहिला आणि घरी येऊन मी हुबळीला फोन लावला.

"अक्का, नवीन लॅपटॉप घेतलो."

"कसला?"

"आठ कोर हायत."

 मग ती म्हणाली, "आठ म्हंजे दोन भाकरी झाल्या की. तू एकटी काय करणार दोन खाऊन? एक हिकडं टाक गाडीवर."

"मारुतीमामा कुठं हायत आता?" मी म्हणाले.

फोन तिनं बाजूला ठेवला असावा, कारण मग तिकडून तो आवाज आला. अक्का भाकरी बडवत होती. आधी ओला, जड. मी फोन कानाशी धरून तशीच बसून राहिले, तो आवाज कोरडा होईपर्यंत.